साखळीतली शेवटची बाई

मंगळवार, ता. ९

लेकी, तुला सलाम.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि न फोडताच कचऱ्यात टाकायचा विचारही केला असशील. टाक, पण आधी वाच. तुझ्या गळ्यात गाठ झाली आहे हे मला काल दुपारी कळलं, तेही टेलिफोनवर, पाळकबाईंच्या तोंडून. आणि त्याच गाठीसाठी मी महिनाभर प्रार्थना करते आहे. आता बोल.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे माझ्याइतकाच तुझाही संताप होईल. तू गेल्यावर आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी सुरू झाली. कुणावर संकट आलं की पाळकबाईंना कळवायचं. त्या एका बाईला फोन करतात, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, असा निरोप घरोघर फिरतो आणि जिनं तिनं आपापल्या घरी प्रार्थना करायची. शेवटची बाई मी. माझ्यामागे कुणी नाही, कारण माझ्याकडून निरोप घ्यायला एकही बाई तयार झाली नाही. मी फार वाद घालते म्हणे. तर शेवटच्या बाईनं पाळकबाईंना उलटा फोन करायचा आणि एकच शब्द सांगायचा, "पोचलं." म्हणजे साखळी मध्ये कुठे तुटली नाही हे त्यांना कळतं. बरेचदा तुटते. कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणी विसरतं.

आणि एक नियम आहे. नाव घ्यायचं नाही. आधी नावं घ्यायचे, तेव्हा शिंपिणीच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून साखळी चालवली आणि रविवारी सगळं चर्च त्या बिचाऱ्याच्या तोंडाला वास येतो का बघायला पुढच्या बाकांवर सरकलं. तेव्हापासून पाळकसाहेबांनी ठरवलं, फक्त 'एक बाई', 'एक भाऊ', 'एक कुटुंब' म्हणायचं. नाव देवाला माहीत आहे.

महिन्यापूर्वी मला खोकलेबाईचा फोन आला. माझ्या आधी तिचा नंबर. दर दोन शब्दांमागे खोकते म्हणून मी तिला खोकलेबाई म्हणते, तिच्या तोंडावरसुद्धा. म्हणाली, "एका बाईसाठी प्रार्थना आहे गं. गळ्यात गाठ झालीय. ऑपरेशन करायचंय, पण जीवाला धोका आहे, आणि वाचली तरी आवाज कायमचा जाईल म्हणतात. बाई अगदी खचलीय. आईशी तिचं बोलणं नाही, तर त्या आईचंही मन देवानं वळवावं."

माझी प्रार्थना इस्त्रीबरोबर चालते, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. कॉलरला हात घातला की सुरुवात आणि दुसरी बाही झाली की आमेन. त्या बाईसाठी मी फार चांगली प्रार्थना केली. स्वतःची स्तुती नाही करत, पण शब्द आपोआप येत होते. देवाला म्हणायचे, तिची गाठ काढ, तिचा आवाज ठेव आणि तिच्या त्या आईला जरा अक्कल दे. रोज म्हणायचे. शर्ट जास्त असले तर दोनदा.

मधूनमधून निरोपात नवीन काहीतरी यायचं. बाई जेवत नाही. बाईची मुलगी लहान आहे, ती घाबरलीय. आणि मी दर वेळी खोकलेबाईला म्हणायचे, "कसली गं ही आई? लेक अशी पडलीय आणि ही कुठे फुगून बसलीय?" त्यावर ती एवढी खोकायची की मला वाटायचं, आता हिच्यासाठीच साखळी चालवावी लागणार.

काल पाळकबाईंना फोन केला. "पोचलं" म्हटलं. तेवढं म्हणून फोन ठेवायचा की नाही? पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाळकबाई, प्रार्थना खूप झाल्या. त्या आईला आता कुणीतरी जाऊन तोंडावर सांगायला हवं."

त्या हळूच म्हणाल्या, "आजी, आम्ही सगळ्या महिनाभर तेच म्हणतोय. कुणी जायचं, यावर अडलंय."

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा शर्ट टेबलावर होता आणि त्या शर्टावर इस्त्री. फोनपासून टेबलापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. पाठीवर चांगला तांबूस ठसा उमटला आहे. त्याला सांगितलं, गिऱ्हाइकांकडे तोंड करून उभा राहा.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तू घड्याळजीच्या मुलीला फोन केलास, तुझी शाळेतली मैत्रीण म्हणून. तिनं पाळकबाईंना सांगितलं. आणि नाव न घेता प्रत्येकीनं ओळखलं. मीच तेवढी राहिले. ज्या बाईला मी रोज नावं ठेवते ती मीच असेन, हे मला कसं सुचायचं?

देवाकडे मी दोन गोष्टी मागत होते. गाठ अजून तशीच आहे म्हणतात. अक्कल मात्र ताबडतोब पाठवली. आधी काय करावं हे त्याला कधीच कळलेलं नाही.

उत्तर लिही. लिहायला आवाज लागत नाही.

आई


सोमवार, ता. १५

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमनला रोज अडवते. तो आता समोरच्या फुटपाथवरून जातो.

मग मी फोन केला. तुमचा नंबर घड्याळजीच्या मुलीकडून घेतला. ती म्हणाली, "आजी, तिला विचारल्याशिवाय नाही देता येणार." मी म्हटलं, "तुझ्या वडलांकडे माझं भिंतीवरचं घड्याळ किती वर्षं पडून आहे, त्यावर मी कधी बोलले का?" दिला नंबर.

जावईबापूंनी फोन उचलला, ते तुला माहीतच आहे, तू शेजारीच होतीस. तरी लिहिते, कारण तुला एकाच बाजूचं ऐकू आलं असेल.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुमच्या बायकोची आई. का, या आवाजाचं आणखी कुणी फोन करतं?"

पत्र्याचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. अजून घरं रंगवतात वाटतं. बरं आहे, काम आहे.

"ती बोलणार नाही," म्हणाले.

"बोलणार नाही का बोलता येत नाही?"

"दोन्ही. आवाज बसलाय. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. आणि जेवढा आवाज उरलाय त्यातला तुमच्यावर घालवायची तिची तयारी नाही."

हे वाक्य त्यांचं नाही. त्या माणसाला मी एवढं लांब बोलताना लग्नातही ऐकलं नव्हतं. तू कागदावर लिहून पुढे धरत होतीस. मला पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती.

"ऑपरेशन कधी?"

"पुढच्या सोमवारी."

"मी येते."

खरखर. "नको म्हणते."

"एक शब्द लिहायला एवढा वेळ लागतो का? आणखी काय लिहिलंय ते वाचा."

"ते नाही वाचत मी," म्हणाले. शहाणा माणूस आहे, मी उगीच बोलायचे. तेवढ्यात मागून ठकीचा आवाज आला, "आजी आहे का?" आणि फोन ठेवला गेला. पोरीचा आवाज किती बदलला आहे. रस्त्यात ऐकला असता तर मी ओळखला नसता.

आता त्या पाण्याचं बोलू. नाहीतर आपण दोघी मरेपर्यंत त्याच्याभोवती फिरत बसू.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. "आई, ठकीचा बाप्तिस्मा करायचा नाही. ती मोठी होईल, तिचं ती ठरवेल." तुम्ही दोघं कामाला जायचात आणि पोर दिवसभर माझ्या मांडीवर. त्या दिवशी तिचा ताप उतरेना. छातीत घरघर. औषध पाजून झालं, डॉक्टर येऊन गेला, म्हणाला संध्याकाळपर्यंत वाट बघा. वाट बघा म्हणणं सोपं असतं, पोर त्याच्या मांडीवर नव्हतं. माझ्या हातात दुसरं काही उरलं नाही, तेव्हा मी पाळकसाहेबांना बोलावलं. पाणी कोमट होतं. मी कोपर बुडवून बघितलं होतं. तिच्या कपाळावर तीन थेंब पडले असतील नसतील. ताप उतरला तो डॉक्टरच्या औषधानं, एवढं मला कळतं.

मी तुला सांगणार होते. योग्य वेळ बघत होते. पण पाळकसाहेबांनी रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून कुटुंबाचं अभिनंदन केलं, आणि तू गाणं संपायच्या आत ठकीला उचलून निघून गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. ना मला, ना घरी, ना रस्त्यात, कुठेच नाही. त्या वेळी चार गोष्टी बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आज पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा तेच करीन. आधी तुला विचारीन. तू नाही म्हणशील. मग करीन.

आणि आता तू मला सांग. गळ्यात गाठ आहे म्हटल्यावर तू डॉक्टरकडे गेलीस, बरं केलंस. पण मग फोन कुणाला केलास? जिथून तू गाणं अर्धं सोडून उठून गेली होतीस, त्याच चर्चच्या बायकांना. कारण औषध झालं, डॉक्टर म्हणाला वाट बघा, आणि तुझ्या हातात दुसरं काही उरलं नाही. मग मी काय वेगळं केलं होतं?

यावर पेन्सिल चालव.

आई


गुरुवार, ता. १८

अजून काही नाही. ठीक आहे, मीच लिहिते. मला सांगायला दुसरं कोण आहे?

प्रार्थना बंद पडली आहे. न्हाव्याच्या शर्टापासून बंद आहे. 'एका बाई'साठी मला एवढं सुचायचं, आणि आता कॉलर धरली, तुझं नाव घेतलं, की पुढे काही नाही. शर्ट होऊन जातो, घडी होते, आणि मी आपली नावावरच. परवा म्हटलं, पूर्वीसारखं करून बघू. डोळे मिटले आणि म्हटलं, "देवा, एका बाईसाठी प्रार्थना आहे." माझं मलाच कसंतरी झालं. तो काय खोकलेबाई आहे?

काल पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या टेबलाचं कापड इस्त्रीला घेऊन आले. कापड निमित्ताला. मागच्याच आठवड्यात मी ते करून दिलं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. चहा दिला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "आजी, देवाशी बोलणं चालू आहे ना?"

"बंद आहे."

"का?"

"तोंड उघडलं की भांडण निघतं."

"मग भांडा की. त्याला चालतं."

"त्याला चालत असेल, मला नाही चालत. दारात मागायला जायचं आणि घरमालकाला शिव्या द्यायच्या, अशी मी बाई नाही."

"शब्द सुचत नसतील तर नुसतं शांत बसा. त्याला शब्द लागत नाहीत."

"मग तुम्ही दर रविवारी तासभर काय करता?"

बिचाऱ्यांनी कप खाली ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "त्या दिवशीच्या बाप्तिस्म्याचं मी असं जाहीर करायला नको होतं. तिला माहीत नाही हे मला ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, ते मी कुठे सांगितलं होतं तुम्हाला. आणि दार लावून घेतलं. माणूस चांगला आहे, पण जिथे थांबायचं तिथे थांबत नाही.

आज दुपारी ते कापड तसंच होतं. इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लग काढला, आणि गुडघे टेकले. गुडघे टेकायला मला बंदी आहे. उजवा गुडघा गेला आहे, चर्चमध्येही मी बाकावर बसूनच मान खाली घालते. पण एवढं मोठं मागायचं तर खुर्चीत बसून कसं मागायचं, असं माझ्या डोक्यात आलं. खाली गेले. आणि मग लक्षात आलं की वर येता येत नाही.

टेबलाचा पाय धरला तर टेबलच माझ्याकडे यायला लागलं. खुर्ची लांब. फोन वाजला, वाजून वाजून थांबला. फरशी थंडगार आणि टेबलाखाली धुळीचे एवढे पुंजके, मला लाजच वाटली. म्हटलं, आता आलेच आहे खाली, तर होऊन जाऊ दे.

सुरुवात भांडणानंच झाली. देवाला म्हटलं, माझ्या नवऱ्याला नेलंस, मी काही बोलले नाही, तो सिगारेटी ओढायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही. पण हिच्यावर तुझा का डोळा? हिनं तर कधी सिगारेट ओढली नाही. हट्टी आहे, पण ते तर माझ्याकडून आलंय, आणि मी अजून धडधाकट आहे. हा कुठला हिशोब? आणि ती इतकी वर्षं तुझ्या दाराकडे फिरकली नाही, आता घाबरून आली तर तिला बाहेर ताटकळत ठेवतोस? मी असते तर आधी आत घेतलं असतं आणि मग बोलले असते.

एवढं झाल्यावर दम लागला. मग मागितलं. म्हटलं, तिला वाचव आणि तिचा आवाज ठेव. माझ्याशी गोड बोलण्यासाठी नको. त्या पाण्याबद्दल तिला जे बोलायचं होतं ते ती न बोलताच उठून गेली, ते सगळं तिच्या गळ्यातच आहे. तेवढं मला बोलायला तरी आवाज ठेव. ती बोलेल तेव्हा मी मध्ये तोंड घालणार नाही. हे शेवटचं जरा जास्तच कबूल करून बसले, पण मागताना माणसाला कुठे भान असतं.

पुढे काही सुचेना. नुसती तुझं नाव घेत राहिले. प्रार्थनेत घेतात तसं नाही. तू रस्त्यावर खेळत असायचीस आणि मी खिडकीतून जेवायला हाक मारायचे, तू पहिल्या हाकेला कधी आली नाहीस, तशा हाका. आधी हळू, मग मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं.

वरच्या मजल्यावरची शिक्षिका खाली आली आणि दार वाजवलं. "आजी, कुणाला बोलावताय?"

म्हटलं, "तुलाच. आत ये आणि मला उचल."

तिनं उचललं, पाणी दिलं. माझ्याकडे बघत राहिली. इस्त्रीच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते, तिला वाटलं मी रडले.

सोमवारी घाबरू नकोस. घाबरलीस तरी डॉक्टरांना दाखवू नकोस, त्यांचा हात हलायला नको.

आई


सोमवार, ता. २२

तू आता ऑपरेशनच्या टेबलावर असशील. सकाळची वेळ दिली आहे, हे घड्याळजीच्या मुलीनं सांगितलं. त्या पोरीला हल्ली माझा आवाज ऐकला की धाप लागते.

आज मी साखळीला पहिल्यांदा स्वतःची विनंती सांगितली. नाश्त्याच्या आधीच पाळकबाईंना फोन केला.

म्हणाल्या, "सांगा आजी. एका बाईसाठी..."

"एका बाईसाठी नाही. माझ्या लेकीसाठी. नाव घेऊन."

"आजी, नियम आहे."

"मला माहीत आहे नियम आहे. माझ्याइतका त्या नियमाचा फटका कुणाला बसलाय? नाव घ्या."

"नाव तर देवाला..."

"त्याला माहीत आहे. मला ऐकायचंय."

मग म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. माहेरचं, सासरचं, सगळं. जावईबापूंचंही सांगितलं, मध्ये येतं म्हणून.

मग फोनजवळ बसले. निरोप कुठल्या घरी पोचला असेल ते मनात धरत होते. आता शिंपिणीकडे. आता घड्याळजीच्या मुलीकडे, ती तुझं नाव घेताना नक्की रडणार, तिला लहानपणापासून कशाचंही रडू येतं. आता त्या बहिरीकडे, म्हणजे तुझं नाव सगळ्या जिन्यात ऐकू गेलं असेल. इस्त्रीला हात लावला नाही. आज काम करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, हात लावला नाही एवढंच.

शेवटी खोकलेबाईचा फोन आला. तिनं तुझं नाव घेतलं. पूर्ण, सावकाश, एकदाही न खोकता. मला माहीत आहे तिला त्यासाठी किती श्वास धरावा लागला असेल. मग म्हणाली, "मी येऊन बसू का गं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "खोकत बसणार असशील तर नको."

ती आली. धरून ठेवलेला सगळा खोकला माझ्या खोलीत खोकली. आता समोर बसून माझ्या उशीच्या अभ्र्यांच्या घड्या घालते आहे, चुकीच्या. मी काही बोललेले नाही. यावरून माझी काय अवस्था आहे ते तू ओळख.

पाळकबाईंना "पोचलं" सांगितलं.

आई


शनिवार, ता. २७

सोमवारी संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला तेव्हा खोकलेबाई इथेच होती. "गाठ निघाली. जिवाचं भय गेलं," म्हणाले. मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. खोकलेबाईनं माझ्या हातातून फोन घेऊन बाकीचं विचारलं, कारण मला खुर्ची सापडेना.

बुधवारी परत त्यांचा फोन. आवाजाबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. टाके भरेपर्यंत तू एक शब्द काढायचा नाहीस, मग कळेल.

"माझी पत्रं मिळाली का?" विचारलं.

"मिळाली."

"वाचली का?"

"ठकीनं वाचून दाखवली."

"सगळी? देवाशी भांडले तेसुद्धा?"

"त्याला ती हसली. हसायलाही बंदी आहे, गळा ताणतो. म्हणून मग तिथे थांबवलं. बाकीचं तिनं रात्र व्हायच्या आत मागून घेतलं."

मला वाटलं, आता तरी चार ओळी येतील. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही. माझा संताप संताप झाला. ऑपरेशन गळ्याचं होतं, हाताचं नव्हतं. मला 'नको' लिहायला पेन्सिल बरी चालत होती. शिक्षिकेला म्हटलं, हा हट्ट आमच्या घराण्यात कुठून आला कळत नाही. ती माझ्याकडे बघून चहा प्यायली.

आज दुपारी पडदे इस्त्री करत होते. फोन वाजला. खोकलेबाई.

"साखळी आहे गं," म्हणाली. "एका म्हाताऱ्या बाईसाठी."

"बोल."

"तिला लांबचा प्रवास करायचाय, बसनं. उजवा गुडघा दुखतो. तर बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळावी, आणि मिळाली नाही तर तिनं कंडक्टरशी भांडू नये, अशी प्रार्थना करायची. पिशवी उचलायला कुणी पुढे आलं तर उचलू द्यावी."

मी म्हटलं, "कुठली गं ही हट्टी म्हातारी?"

खोकलेबाईला जो खोकला लागला तो थांबेना. आणि मी इस्त्री हातात धरून उभी. तशीच उभी राहिले. या वेळी इस्त्री उचललेली होती, पडदा वाचला.

"अजून आहे," ती म्हणाली. "म्हातारीच्या लेकीला अजून बोलता येत नाही. तर म्हातारीनं तिच्या वाटचंही बोलू नये. आणि येताना तिची छोटी इस्त्री आणावी, घरात सगळ्यांचे कपडे चुरगळलेले आहेत आणि घरच्या इस्त्रीला नवरा हात लावतो तेव्हा रंग लागतो."

"आणि?"

"आणि कुठल्याशा पाण्याबद्दल लेकीला बरंच बोलायचंय. आवाज आला की पहिलं तेच बोलणार आहे. तोपर्यंत लिहून ठेवतेय. म्हातारीनं कबूल केल्याप्रमाणे मध्ये तोंड घालू नये, यासाठी सगळ्यांनी विशेष प्रार्थना करायची."

"हे सगळं साखळीतून आलं? सगळ्या बायकांच्या घरून?"

"सगळ्यांच्या. शब्दसुद्धा बदलला नाही गं कुणी. शिंपिणीनं म्हणे वहीत लिहून घेतलं, चुकायला नको म्हणून."

आता चर्चमध्ये मी तोंड कसं दाखवायचं ते सांग. प्रत्येक बाई आज घरोघर डोळे मिटून माझ्या तोंडासाठी प्रार्थना करते आहे. आणि मला स्वतःला काय मागायला लागणार? तुझा आवाज लवकर परत यावा, म्हणजे तू मला बोलशील. अशी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. पडदा संपेपर्यंत केली.

मग नियमाप्रमाणे पाळकबाईंना फोन लावला. म्हणाल्या, "बोला आजी." मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. त्या म्हणाल्या, "आजी? साखळी मध्ये कुठे तुटली का?" मी फोन ठेवून दिला. आता त्या एकेकीला फोन करून विचारत असतील. विचारू दे.

बस सकाळी आहे. पिशवी भरली. छोटी इस्त्री आत आहे, म्हणून पिशवी जड आहे, आणि ती उचलू द्यायची का नाही ते तिथे बघू. हे पत्र माझ्याच हातून तुला मिळेल. ठकीला वाचायला देऊ नकोस, तू स्वतः वाच, मी समोर बसेन.

आमचा नियम असा आहे की शेवटच्या बाईनं पहिल्या बाईला कळवायचं. पण हा निरोप पाळकबाईंपासून सुरू झाला नाही. तुझ्या पेन्सिलीपासून झाला. म्हणून तुलाच कळवते.

पोचलं.

आई